'ग्लीन' म्हणजे सरवा वेचणे

कोल्हापुरात भाषांतराचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, 'जुन्या पत्रांतून माहिती ग्लीन केली' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे मराठी करताना 'गोळा केली' असे लिहिल्यास काही उणे राहते का, आणि 'ग्लीन' हे क्रियापद मुळात आले कोठून.

उणे निश्चित राहते. नुसते गोळा करण्यासाठी इंग्रजीत 'गॅदर' आणि 'कलेक्ट' आहेतच. 'ग्लीन'चा मूळ अर्थ आहे पीक कापून नेल्यावर शेतात पडून राहिलेले दाणे आणि कणसे वेचणे, आणि त्याला आपल्याकडे 'सरवा वेचणे' हा तंतोतंत प्रयोग आहे. कागल-गडहिंग्लजकडे भुईमूग उपटताना आऱ्या, म्हणजे शेंगांना वेलाशी जोडणारे देठ, तुटून काही शेंगा जमिनीतच राहतात. मालकाचे काम आटोपले, रान मोकळे झाले की बायका-पोरे सरव्याला जातात आणि खुरप्याने माती उकरून एकेक शेंग पाटीत टाकतात. एका जागी बसून हाती फार लागत नाही, म्हणून सगळे रान पालथे घालावे लागते. शोधत फिरण्याची ही चिकाटी 'गोळा करणे' या शब्दांत उतरत नाही.

इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधील 'ग्लेने'वरून घेतला. त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिनमधील 'ग्लेनारे' आहे आणि तोही बहुधा गॉल प्रदेशातील (साधारण आजच्या फ्रान्समधील) केल्टिक भाषेतून आलेला असावा, असे व्युत्पत्तिकार मानतात. उच्चार जवळचा असला तरी 'क्लीन'शी त्याचे नाते नाही, कारण तो शब्द जर्मानिक कुळातला आहे.

सरवा हा गरिबाचा वाटा, ही समजूत फार जुनी आहे. बायबलमध्ये शेताच्या कडा कापू नयेत, पडलेले धान्य गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावे, अशी आज्ञा आहे. विधवा रूथ बवाजाच्या शेतात वेचायला जाते त्या कथेच्या मराठी भाषांतरात 'सरवा' हाच शब्द येतो. इंग्लंडमध्ये मात्र 1788 साली न्यायालयाने असा वेचण्याचा सर्वसाधारण हक्क कायद्यात नाही, असा निकाल दिला. संस्कृतात तर यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: दाणे वेचणे तो उंछ, कणसे वेचणे ते शिल. महाभारतात अर्धे अंग सोन्याचे झालेले मुंगूस युधिष्ठिराच्या यज्ञात येऊन ज्या ब्राह्मणाच्या दानाची गोष्ट सांगते, तो ब्राह्मण उंछवृत्तीनेच जगणारा होता.

माहितीच्या संदर्भात 'सरवा' हा शब्द सरळ वापरावा असे मी म्हणणार नाही, कारण वाचक शेतातच अडकेल. 'जुन्या पत्रांतून वेचून काढलेली माहिती' हे मला सर्वांत जवळचे वाटते. आणि माहिती अगदीच तुटक असेल, तर 'पत्रे चाळून जे थोडेफार हाती लागले ते' असे खुशाल लिहावे.