भाऊ वास्कोहून जहाजावर ब्राझीलला चाललाय. पिवळ्या तापाने इस्पितळात दाखल झालेल्यांपैकी कोणाच्या जिवाला जास्त धोका असतो?

वय जास्त, यकृत-मूत्रपिंडं बिघडलेली आणि रक्तात विषाणू भरमसाट, अशा रुग्णांना सर्वांत जास्त. २०१८ च्या साथीत साओ पाउलोला दाखल झालेल्या रुग्णांच्या अभ्यासात वाढतं वय आणि वाढलेले न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), एएसटी (यकृत बिघडल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा घटक) आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) हेच मुद्दे पुढे आले. डोळे पिवळे होण्यावर मात्र विसंबू नका, ते बऱ्याचदा उशिरा दिसतं. रक्ताचे रिपोर्ट आधी बोलतात. अर्थात हे आकडे धोका सांगतात, निकाल नाही. तरुणही दगावतात आणि या तापावर खास औषध अजून नाही. म्हणून भावाला निघण्याच्या किमान १० दिवस आधी लस घ्यायला लावाच. मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात चौकशी करा.