म्हाळाची तिथी, हंड्यावरचं नाव आणि आत्याची आठवण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजोबा वारले तेव्हा वडील अगदी लहान होते. म्हाळ दशमीला घालतात, एवढंच माहीत आहे. तारीख काढता येईल का?
(वाचक, ता. माण, जि. सातारा)

येईल, पण एकट्या म्हाळाच्या तिथीवरून नाही. म्हाळ म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, ते मृत्यूच्या तिथीला घालतात. दशमी कुठल्याही महिन्याची, शुद्ध किंवा वद्य असू शकते, म्हणजे वर्षाला 24 दशम्या. महिना हवा असेल तर भावकीतल्या म्हाताऱ्या माणसांना वर्षश्राद्धाबद्दल विचारा. पेरणी चालू होती की सुगी? दिवाळी होऊन गेली होती का? तिथी आणि महिना जुळला तरी जुन्या पंचांगात एक दिवस मागे-पुढे पाहा, कारण तिथी भर दुपारी किंवा रात्रीही बदलते.

इतर पूर्वजांचं पाहताना तीन दिवसांबाबत सावध राहा. सवाष्ण गेलेल्या बाईचं अविधवा नवमीला घालतात, अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्याचं चतुर्दशीला, आणि तिथी विसरली की सर्वपित्रीला. या दिवसांवरून मृत्यूची तिथी कळत नाही. पण आजीचं अविधवा नवमी म्हणूनच नवमीला घालत असतील, तर ती आजोबांच्या आधी गेली हे कळतं. तेवढं तरी लिहून ठेवा.

मग कागदांकडे वळा. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू झाल्यानंतरची नोंद ग्रामपंचायतीत मिळते. त्याआधीची गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात. ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतं. नकलेच्या अर्जात गावाचं नाव आणि अंदाजे पाच वर्षांचा पट्टा द्या. नुसतं आडनाव देऊन शोधायला सांगाल तर हाती काही लागणार नाही, कारण पुष्कळ नोंदींत आडनावच नसतं. जमीन असेल तर वारसाचा फेरफार, म्हणजे वारसांची नावं लावल्याची नोंद, काढा, त्यात 'अमुक तारखेस मयत' असं सापडतं. फेरफाराची स्वतःची तारीख मात्र मृत्यूची धरू नका. वारसनोंद दहा-दहा वर्षांनी केलेलीही आढळते.

कागदावर इसवी सनाऐवजी शके साल असेल तर त्यात 78 मिळवा. पौष ते फाल्गुनातली घटना 1 जानेवारीनंतरची असेल तर 79. शके 1862 चा माघ म्हणजे 1941 ची सुरुवात.

प्रश्न: आमच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. ही नावं आता कुठे शोधायची?
(वाचक, ता. भूम, जि. धाराशिव)

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. वंशावळ बहुधा जमिनीच्या कामासाठी काढलेली असते, म्हणून तिच्यात फक्त हिस्सेदार येतात. ज्या बाईने ते घर पन्नास वर्षं चालवलं तिचं नाव नसलेल्या यादीला आम्ही घराची वंशावळ म्हणणार नाही.

सुरुवात माळ्यावरच्या भांड्यांपासून करा. लग्नात आलेल्या पितळी हंड्यावर, कळशीवर, परातीवर काठाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं. कधी देणाऱ्याचं नाव, कधी गाव आणि तारीखही. वाचण्याआधी भांडं चिंचेने किंवा पावडरीने घासू नका, घासून घासूनच ते ठिपके बुजत आलेले असतात. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, खोली अंधारी करा आणि टॉर्च भांड्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. प्रत्येक ठिपक्याची सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. टॉर्चची बाजू बदलून तीन-चार फोटो घ्या. देणाऱ्याच्या नावावरून माहेर किंवा आजोळ सापडतं.

दुसरी जागा जुने सातबारा आणि फेरफार. नवरा गेल्यावर विधवेचं नाव लागलेलं असतं. 'सखू भ्र. रामा' म्हणजे रामाची बायको सखू. काही ठिकाणी 'भ्र.' ऐवजी 'कोम' असतं. 'बिन' आणि मराठवाड्यात 'वलद' याच्या पुढे बापाचं नाव येतं. कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, आणि घरात ऐकलेली नावं आधी त्याच्या हाती द्या. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत. संदर्भ नसला की चांगला वाचणाराही चुकतो.

लिहिताना प्रत्येक बाईची दोन्ही नावं घ्या, माहेरचं आणि सासरी ठेवलेलं. सोबत माहेरचं गाव आणि तालुका. नुसतं 'वडगाव' लिहिलंत तर पुढच्या पिढीला ते शोधता येणार नाही.

प्रश्न: आत्या पंच्याऐंशी वर्षांची आहे. तिला बोलतं कसं करायचं? 'काय सांगू, सगळं गेलं' म्हणते आणि गप्प होते.
(वाचक, ता. पाटण, जि. सातारा)

'जुन्या आठवणी सांगा' असं म्हटलं की कुणीही गप्पच होतं. तिच्या हातात वस्तू द्या किंवा कामाबद्दल विचारा: जात्यावर सोबत कोण बसायचं, दळताना कुणाच्या नावाने ओवी गायची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी कोण घेऊन गेलं. साल विचारू नका, घटना विचारा. तुमच्या भागात 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप सगळ्या म्हाताऱ्यांना आठवतो. त्या पहाटे घरात कोण कोण झोपलं होतं, असं विचारलंत की तेव्हा हयात असलेल्यांची यादीच मिळते. 1972 च्या दुष्काळात दुष्काळी कामावर कोण गेलं आणि तिथे खायला मिळणारी सुकडी घरी कोण आणायचं, हा तसाच दुसरा प्रश्न. मराठवाड्यात रझाकारांचा काळ आणि 1993 चा किल्लारीचा भूकंप धरा.

फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन तिच्यापासून हातभर अंतरावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. खाटेवर किंवा पत्र्याच्या पेटीवर ठेवलात तर प्रत्येक हालचालीचा खडखडाट येतो. सुरुवातीला तारीख, गाव आणि तिचं नाव तुम्ही बोला. अर्ध्या तासात थांबा. लेकरू गेल्याची गोष्ट निघाली तर पुढचा प्रश्न लगेच टाकू नका, आणि तिला रेकॉर्डिंग नको असेल तर बंद करा. सुना-नातवंडांना समोर बसवू नका; ती मधेच दुरुस्त करतात आणि ऐकणाऱ्यांप्रमाणे गोष्ट बदलते. एकाच घटनेबद्दल दोघांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, प्रत्येकापुढे सांगणाऱ्याचं नाव टाका.

प्रश्न: पणजोबांचा एकच फोटो आहे आणि तो काचेला चिकटलाय. सोडवू का?
(वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी)

सोडवू नका. ओल्याने फोटोचा थर काचेला धरतो; ओढलंत तर चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. काचेच्या बाहेरचं गंध आणि धुराचा थर पिळून घेतलेल्या फडक्याने पुसा. पाणी थेट काचेवर टाकू नका, ते चौकटीतून आत झिरपतं. मग चौकट सावलीत उभी करा, समोर काळं कापड धरा म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येणार नाही, आणि फ्लॅश न वापरता थोडं लांबून, झूम करून फोटो घ्या. छापलेली प्रत भिंतीवर लावा, हार-गंध तिलाच. मूळ चौकट ओल्या भिंतीपासून दूर, कपाटात ठेवा. लॅमिनेशन करून घेऊ नका, उष्णतेने फोटोचा थर बिघडू शकतो आणि मग काहीच करता येत नाही.