एकाच डोळ्याचे दोन आकडे

प्रश्न : मी देवगडची, बारावी सायन्सला आहे (पीसीबी). बाबांना डायबेटिस आहे. मोतीबिंदूच्या तपासणीला रत्नागिरीला गेलो, तिथे प्रोब टेकवून मोजलेली कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ५५२ मायक्रॉन आली आणि ओसीटी नावाच्या स्कॅन मशीनवर ५३८. यातली खरी कुठली? आणि एमबीबीएस न करता हे काम शिकता येतं का?

उत्तर : शिकता येतं, आणि तू जरूर शिकावंस. रिपोर्ट हातात आल्यावर दोन आकडे शेजारी ठेवून बघणारी माणसं थोडी असतात.

दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. प्रोबची तपासणी म्हणजे अल्ट्रासाउंड पॅकीमेट्री. डोळा बधिर करणारा थेंब टाकून प्रोब कॉर्नियाला अलगद टेकवतात आणि आतल्या थरावरून ध्वनी परतायला किती वेळ लागतो त्यावरून जाडी काढतात. प्रोब मध्यापासून सरकला की आकडा वाढतो, कारण कॉर्निया कडेला जाड असतो. इथे सगळा खेळ हाताचा आहे. ओसीटी न टेकता प्रकाशाने मोजतं, त्याचा आकडा बऱ्याचदा थोडा कमी येतो. शाइमफ्लुग कॅमेरा तर फिरत फिरत फोटो काढून अख्ख्या कॉर्नियाचा नकाशा देतो. म्हणून आज एका मशीनवर, सहा महिन्यांनी दुसऱ्यावर मोजून जाडी बदलली असं म्हणायचं नाही. सकाळी उठल्या उठल्या कॉर्निया थोडा फुगलेला असतो, तेव्हा वेळही तीच हवी.

डायबेटिसमध्ये हे जास्त जपावं लागतं. कॉर्नियातलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पेशींचं काम मंदावून जाडी किंचित वाढू शकते. जाड कॉर्नियावर डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, मग काचबिंदूचा अंदाज चुकतो. वरचा थरही नाजूक, जखम उशिरा भरते. अशा पेशंटला न टेकणारी पद्धत मला अधिक पटते.

कोर्स आहे बी.ऑप्टोम, म्हणजे ऑप्टोमेट्रीची (डोळे आणि नजर तपासण्याच्या शास्त्राची) पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षांची. मुंबईत जुहूला लोटस कॉलेज आहे, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद संस्था. ऑपरेशन ऑप्टोमेट्रिस्ट करत नाही, हे घरी आधीच स्पष्ट सांग. मशीनांची तुलना करायची गोडी लागली तर पुढे एम.ऑप्टोम ही पदव्युत्तर पदवी कर आणि स्टॅटिस्टिक्स मनापासून शिक. दोन मशीनचे आकडे सोबत वाढतात एवढ्याने ती जुळतात असं होत नाही. प्रत्येक डोळ्यामागे फरक किती, ते बघावं लागतं.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत बघू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि विचार, पॅकीमीटर स्वतःच्या हाताने किती वेळा धरलास?