डोळ्यातून काहीच 'आरपार' जात नाही

परभणीच्या एका विज्ञान शिक्षिकेनं विचारलंय : मुलानं वहीत लिहिलं, 'मांजराच्या डोळ्यातून अतिनील किरण आरपार जातात.' इथे 'आरपार' चालेल का? आणि 'अतिनील' बरोबर, की जुन्या पुस्तकांतलं 'जंबुपार'?

'आरपार' चालणार नाही. हल्ली जे ते आरपार जातं, म्हणून मुलाला बोल लावत नाही. पण सुई कापडातून आरपार जाते, कारण ती दुसऱ्या बाजूनं बाहेर येते. डोळा मागून बंद असतो. किरण पारपटल ओलांडतो, बाहुलीतून आत शिरतो, भिंग ओलांडतो आणि दृष्टिपटलावर त्याचा प्रवास संपतो. मांजराला दृष्टिपटलामागे चकाकता पडदा असतो, तो उरलेला प्रकाश उलटा फिरवतो. म्हणजे किरण बाहेर पडलाच तर आल्या वाटेनं.

आता 'आर' म्हणजे काय ते बघा. पाणिनीच्या सूत्रात 'अवारपार' असा जोडशब्द आहे. अवार म्हणजे अलीकडचा काठ, पार म्हणजे पलीकडचा. तेच उलटं लावलं की 'पारावार'. आनंदाला पारावार नाही, म्हणजे दोन्ही काठ दिसत नाहीत. माझ्या मते अवारपार झिजूनच आरपार झालं. गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या माणसाला ऐल-पैल वेगळं समजवायला नको. काही जण इथे पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या टोकाची आर आणून टोचतात. पण ती बैलाच्या पार गेली तर नांगराला काय जुंपणार? आणि 'अघळपघळ'सारखी ही नुसती नादाची जोडी आहे म्हणणाऱ्या कोशकारांनी शोधायचे कष्टच घेतलेले नाहीत. 'पीक पार वाळलं' म्हणतो तेव्हाही ते पैलतीरालाच लागलेलं असतं. (वडाचा पार वेगळा, त्याला यात ओढू नका.)

हाच पार 'जंबुपार'मध्ये आहे (जंबु म्हणजे जांभूळ), म्हणून तो शब्द मला प्रिय. तानापिहिनिपाजा म्हणून बघा : निळ्यानंतर पारवा, मग जांभळा. 'अति'चा अर्थ पलीकडचा होतो, त्याबद्दल तक्रार नाही; पण निळ्याच्या पलीकडे दोन रंग शिल्लक असताना 'अतिनील' कसं? १८०१ साली जर्मन शास्त्रज्ञ रिटरनं प्रकाशानं काळवंडणारं सिल्व्हर क्लोराइड काळं पडताना पाहिलं ते जांभळ्याच्या पलीकडे. परीक्षेत मात्र अतिनीलच लिहायला लावा, मार्क जायला नकोत.

गंमत अशी की दिसण्याचा हा काठ निसर्गानं नाही, आपल्या भिंगानं आखलाय. मोठ्या माणसाच्या भिंगात ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनलेली पिवळसर द्रव्यं असतात. ती ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या खालचं जवळजवळ सगळं अडवतात. भिंग काढून कृत्रिम भिंग न बसवलेल्यांना हाच प्रकाश पांढुरका निळा दिसतो. डग्लस आणि जेफरी या संशोधकांनी २०१४ मध्ये सस्तन प्राण्यांची भिंगं मोजून आकडे छापले. ३१५ ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला साधारण ६० टक्के प्रकाश मांजर-कुत्र्याच्या दृष्टिपटलापर्यंत पोचतो, उंदराच्या सुमारे ८० टक्के. उंदराला तर ३६० नॅनोमीटरच्या आसपासची खास शंकुपेशी (रंग टिपणारी पेशी) आहे. आपला पैलतीर हा त्याचा ऐलतीर!

मोजणीत चुका कुठे होतात तेही मुलांना सांगा. भिंग ताजं हवं. वासराचं भिंग थंड केलं की दुधाळ होतं आणि ऊब मिळताच पुन्हा निवळतं. गारठ्यात मोजलंत तर आकडा खोटा. नमुना क्वार्ट्झच्या डबीत ठेवावा, कारण साधी काच आणि प्लास्टिक यातले बरेच किरण स्वतःच गिळतात. मग दोष डबीचा आणि बदनामी भिंगाची.

वाक्य असं दुरुस्त करा : 'मांजराच्या भिंगातून जंबुपार किरण पार होऊन दृष्टिपटलापर्यंत पोचतात.' 'पोचतात' खोडून 'दिसतात' लिहू देऊ नका. मांजर आणि कुत्रा यांना उंदरासारखी खास पेशी नाही; कुत्र्याची निळी शंकुपेशी सर्वाधिक जागी होते ती ४३० नॅनोमीटरच्या आसपास. पोचलेल्या किरणांनी ती थोडीफार चाळवते, पण त्यातून प्राण्याला काय दिसतं हे भिंग मोजून ठरत नाही.