आमची तारीख मार्च २०१५

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि मग झोप लागली नाही. पुण्याहून एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीला यायचं ठरतंय, मुलगी पाच वर्षांची आहे, भारतीयांना ग्रीन कार्डाला फार वर्षं लागतात असं ऐकलंय, तर तेवढा काळ मन कसं सांभाळायचं, असं तुम्ही विचारलंत. आम्ही २०११ मध्ये सांगलीहून आलो. अजून रांगेतच आहोत.

फॉर्म, फी, मुदती हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय की वहिनींचं लहानपण मस्कतला गेलं. त्यांचा जन्मही तिथलाच आहे का, हे आधी विचारा. ही रांग पासपोर्ट बघून लागत नाही, जन्म कुठल्या देशात झाला त्यावर लागते. १९९० च्या कायद्याने नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, तीही बायकामुलं धरून, आणि एका देशाच्या वाट्याला त्यातली ७ टक्के. म्हणून भारताची रांग अशी तुंबली आहे. पण नवराबायकोपैकी एकाचा जन्म ओमानचा असेल तर तुम्हा सगळ्यांना ओमानच्या कोट्यात धरता येतं. तसं निघालं तर माझं पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, आणि मला मनापासून आनंद होईल.

जन्म कुठलाही असो, एक काम निघायच्या आधी करा. पुण्यातली नोकरी सोडताना अनुभवपत्र घ्याल त्यात नुसतं पद आणि तारखा नकोत, तुम्ही नेमकं काय काम करत होता ते सविस्तर हवं, पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जाला तसंच लागतं. माझ्या नवऱ्याच्या जुन्या कंपनीने तसं पत्र द्यायला नकार दिला. आमच्याकडे ठरलेला नमुना आहे, एवढंच उत्तर. मग तिथल्या जुन्या सहकाऱ्यांना शोधून त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्रं घेतली. एक बंगळूरला, एक सिंगापूरला, एकाने नोकरीच बदललेली. आठ महिने गेले त्यात.

जन्माच्या दाखल्याचंही तेच. यांचा जन्म तासगाव तालुक्यातल्या एका गावातला. ग्रामपंचायतीच्या नोंदीत नाव नाही, नुसतं ‘पुरुष’ आणि वडिलांचं नाव. सासरे सत्तरीत पाच खेपा घालून आले. एकदा ग्रामसेवक रजेवर, एकदा रजिस्टर तालुक्याला गेलेलं, एकदा दाखला मिळाला तर त्यात सासूबाईंचं माहेरचं नाव. शेवटी आत्याबाईंचं आणि एका चुलत्यांचं स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं. सासऱ्यांनी त्या फाइलला प्लॅस्टिकचं कव्हर घालून पाठवलं. ती फाइल आजही कपाटात तशीच आहे, कारण ती दाखल करायची वेळ आमच्यावर अजून आलेलीच नाही. सासरे गेल्या वर्षी गेले.

आता तारखेचं. ज्या दिवशी कंपनी तुमचा पर्मचा, म्हणजे ह्या जागेला इथला माणूस मिळत नाही हे कामगार खात्याला दाखवणारा, अर्ज भरते, तो दिवस तुमची प्रायॉरिटी डेट, रांगेतली तुमची जागा. पुढचं सगळं आयुष्य त्या तारखेला बांधलेलं असतं. आमची मार्च २०१५. नोकरीवरच्या ग्रीन कार्डाचे वर्ग असतात, ईबी-२ आणि ईबी-३ हे त्यातले दोन. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ चं दार अचानक उघडलं, १ जानेवारी २०१५ च्या आधीच्या सगळ्यांना ग्रीन कार्डाचे शेवटचे अर्ज भरता येणार होते. ओळखीतले लोक रात्र रात्र जागून कागद लावत होते. सप्टेंबर २०२२ ला ईबी-२ ची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेली होती आणि महिन्याभरात मागे सरकली, ती २०१२ वर. दोन्ही वेळा आम्ही दोन-चार महिन्यांनी बाहेर. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईबी-२ ची तारीख १ एप्रिल २०१३ होती.

२०११ ला आलेल्यांची तारीख २०१५ ची कशी, असं तुमच्या मनात आलं असेल. मुलीनेही एकदा विचारलं होतं. मी तिला अनुभवपत्रांचं सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धं.

२०१३ च्या सुरुवातीला कंपनीने यांना स्वतःहून विचारलं होतं, ग्रीन कार्ड सुरू करायचं का म्हणून. नको म्हणाले ते माझ्यामुळे. सांगलीच्या कॉलेजात माझी कायम नोकरी होती, मी बिनपगारी रजेवर होते, आणि इथे एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करायची परवानगी नव्हती. आपण परत जाणार आहोत तर ह्या भानगडीत कशाला पडायचं, असं मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी रजा संपली आणि मी राजीनामा ईमेलने पाठवला. मग अर्जाची तयारी सुरू झाली. ह्या एका वर्षावरून त्यांनी मला कधीही बोल लावलेला नाही. लावला असता तर बरं झालं असतं असं मला अनेकदा वाटतं.

किंमत मुलीने दिली. आली तेव्हा सात वर्षांची होती. बारावीत शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सगळ्या वर्गाला सरकारी मदतीचा फॉर्म भरायला बसवलं. तो मुख्यतः नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना, आमच्यासारख्यांना नाही. तू ग्रंथालयात जाऊन बस, असं तिला सगळ्यांसमोर सांगितलं. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, की मला आधी माहीत असतं तर मी त्या दिवशी गेलेच नसते. मैत्रिणी उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम करायच्या, हिला परवानगी नाही, तर ही गिऱ्हाईक म्हणून जाऊन त्यांची पाळी संपेपर्यंत टेबलाशी बसायची. मी त्या शाळेत जाऊन बोलायला हवं होतं. गेले नाही. आपली बाजू कमजोर आहे असं सतत वाटायचं.

डिसेंबर २०२४ मध्ये ती २१ वर्षांची झाली आणि आमच्या अर्जातून गळली. आता ती विद्यार्थी व्हिसावर आहे. तो घेताना, शिक्षण झालं की मी माझ्या देशात परत जाईन, असं लिहून द्यावं लागतं आणि तिकडचा कायमचा पत्ता. तिने विचारलं, आई, कुठला लिहू? मी विश्रामबागचा माझ्या माहेरचा सांगितला. तिने स्पेलिंग विचारून घेतलं.

तुमची मुलगी पाच वर्षांची आहे, म्हणजे तुमच्या हातात १६ वर्षं आहेत. म्हणून सांगते, पहिल्या वर्षीच अर्ज भरायला लावा. परत जायचं असलं तरी भरा, भरून परत जाता येतं. कंपनी पुढच्या वर्षी बघू म्हणाली तर ऑफर घ्यायच्या आधी लेखी मागा. पर्मनंतर कंपनी आय-१४० हा अर्ज भरते, तो मंजूर झाला की सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढत राहतो, आणि वहिनींना कामाचं परवानापत्र मिळू शकतं. २०१५ च्या आधी ते कुणालाच नव्हतं. मला २०१६ ला मिळालं. पहिल्या दिवशी कामावर जाताना मी सांगलीहून आणलेली कॉलेजची पर्स घेतली होती.

मन सांभाळायचं म्हणाल, तर आमच्याकडे दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन, म्हणजे रांग कुठल्या तारखेपर्यंत आली ते सांगणारं सरकारी पत्रक, आता फक्त हेच बघतात, तेही ऑफिसात. तारीख हलली असेल तरच घरी बोलायचं. पूर्वी आम्ही दोघं ते जेवणाच्या टेबलावर उघडायचो आणि मुलगी आमचे चेहरे बघायची. हे लवकर बंद करायला हवं होतं. एकटेपणाचं विचारलंत, त्याची सवय होते, गणपतीला मंडळ असतं, त्यावर जास्त विचार करू नका.

वहिनींचा दाखला सापडला की मला जरूर कळवा.