चाळिशीत ज्युडो शोभेल का? आणि इतर प्रश्न

प्रश्न : वय ४३. इचलकरंजीत आमचे यंत्रमाग आहेत. मंदीत आठपैकी चार माग काढून टाकावे लागले. तेव्हापासून झोप लागत नाही, पोरांवर उगाच खेकसतो. बायको म्हणते, कुणाशी तरी बोला. पण बोलायचं काय? चुलतभाऊ ज्युडोला जातो, मलाही चल म्हणतो. या वयात हे शोभेल का? आणि आधीच तापट असलेल्या माणसाने मारामारी शिकावी का?

उत्तर : शोभण्याचं आधी निकालात काढू. आमच्या संध्याकाळच्या बॅचला चाळिशी ओलांडलेले बरेच गडी येतात. बँकेतले आहेत, रिक्षावाले आहेत, एक दाताचे डॉक्टरही आहेत. त्या जाड पांढऱ्या कपड्यांत सगळेच सारखे बावळट दिसतात, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही.

मी मूळचा कोल्हापूरच्या तालमीतला, ज्युडोत नंतर आलो. कुस्तीत पाठ टेकली की संपलं, म्हणून पाठ जपायची सवय अंगात मुरलेली. इथे पहिल्याच दिवशी पडायला शिकवलं. हनुवटी छातीकडे ओढून धरायची, पाठ गोल करायची आणि मॅटला टेकताना हाताने सणसणीत चापट मारायची, म्हणजे डोकं वाचतं. घरातल्या कर्त्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. तो पडताना हात टेकून स्वतःला सावरायला बघतो आणि मनगट दुखावून घेतो. शाळकरी पोरं पहिल्या तासाला खिदळत पडतात. मोठ्यांना महिना लागतो. तेवढा द्या.

पुढे आवळण्याचे आणि कोपर अडकवण्याचे डाव येतात. सहन होईना की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटायचं. तो त्या क्षणी सोडतो. दोघं उठतात, कपडे नीट करतात, वाकतात आणि पुन्हा पकड घेतात. म्हणजे ‘बस, आता नाही जमत’ हे तुम्ही एका संध्याकाळी चारचौघांत कितीतरी वेळा कबूल करता आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. माग गेल्याचं मित्रालाही न सांगणाऱ्या माणसाच्या हाताला ही सवय लागावी, असं मला फार वाटतं. जिभेला ती लागायला वेळ लागतो, पण लागते. आमच्याकडे खऱ्या गप्पा सराव संपल्यावर, पट्ट्याच्या घड्या घालताना होतात. कुणी कुणाकडे बघत नसतं, म्हणूनच असेल. ‘परवा हप्ता थकला’ असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो, ‘माझाही.’

आणखी एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. शाळा सुटल्यावर पुरुषाच्या अंगाला बायकापोरांखेरीज माणसाचा हातच लागत नाही. मॅटवर पाऊण तास दुसऱ्याचा भार, घाम, श्वास अंगावर असतो. कुणी कॉलर धरून तुम्हाला खेचत असताना सुताचा भाव डोक्यात राहूच शकत नाही. खाली दाबलं गेल्यावर नवखा माणूस श्वास कोंडतो, धडपडतो, अर्ध्या मिनिटात गळून जातो. आम्ही त्याला नुसतं ‘श्वास सोड’ म्हणून ओरडतो. उच्छ्वास लांबवला की नाडी थोडी उतरते, मग सुटायची वाट दिसते. हीच युक्ती रात्री अंथरुणातही वापरून बघा.

आता तापटपणा. राग बाहेर काढायला येणार असाल तर येऊ नका. ज्याचा राग आहे त्याला डोळ्यांपुढे आणून बॅगवर ठोसे मारले तर राग वाढतो, असं मानसशास्त्रातल्या प्रयोगांत दिसलंय. ज्युडोत चिडलेला माणूस ताठरतो आणि ताठरलेल्याला पाडणं सोपं. चिडल्याची पावती लगेच मिळते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोच्या एका देवळात बारा ताताम्यांवर, म्हणजे गवती चटयांवर, ज्युडो सुरू केला, तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. अंगाने किरकोळ, लहानपणी दांडग्या पोरांचा मार खाल्लेले. जोडीदाराला जपून शिकायचं, हे त्यांच्या शिकवणीतच आहे. तुमचा जोडीदार दुखावला तर उद्या सराव कुणाशी करणार?

एक गोष्ट मात्र साफ सांगतो. ज्युडो आधार आहे, औषध नाही. आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच रस वाटत नसेल तर आधी डॉक्टर गाठा. रक्तदाब आणि साखरही तपासून घ्या. जीव नकोसा वाटला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, फुकट चालू असतो, मराठीतही बोलता येतं. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यात दर दहांतले सात पुरुष होते. त्यातल्या कितींना कुणीतरी ‘बोल’ म्हटलं असेल आणि त्यांनी ‘बोलायचं काय?’ असंच विचारलं असेल. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, तालमीत राहायचा. खांदा निखळला म्हणून घरी आणला. दोन महिने झाले, खोलीतून बाहेर येत नाही, तालमीचं नाव काढू देत नाही. (बार्शी)

उत्तर : ताई, पैलवानाचा खांदा गेला की पहाटेची उठाठेव, खुराक, जोडीदार, वस्तादांची हाक, सगळं एका दिवसात जातं. दुखणं खांद्याचं असलं तरी पोर त्यासाठी झुरत असेल. वस्तादांना फोन करा आणि त्याला नुसतं हौद्याच्या कडेला बसायला बोलवायला सांगा. लहान पोरांच्या जोर-बैठका मोजायचं काम द्यावं. काम दिलं की तो जाईल, समजूत घातली तर जाणार नाही. वजन गटासाठी उपाशी राहत होता का, तेही विचारा. त्यानेही माणूस चिडचिडा आणि उदास होतो. पंधरवड्यात फरक पडला नाही तर मानसोपचारतज्ज्ञ. ‘पैलवान असून रडतो’ हे वाक्य मात्र घरात कुणालाही बोलू देऊ नका, मामालासुद्धा.

प्रश्न : आमचे सर सरावात आईबहिणीवरून शिव्या देतात, चुकलं की डोक्यात मारतात. मन कणखर होतं म्हणे. खरं का? (पुणे)

उत्तर : नाही. क्लास बदला आणि उरलेली फी परत मागा.