शाळेच्या वर्गात सोशल मीडियाला जागा असावी का?

तुमची मुलगी सातवीत आहे, वर्गशिक्षकांनी वर्गाचं इन्स्टाग्राम खातं काढलंय, त्यावर मुलांचे व्हिडिओ टाकतात आणि मुलांनाही ‘फॉलो करा’ म्हणतात. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी खेडेगावात सहावी-सातवीला शिकवते, म्हणून मनापासून लिहिते.

सोशल मीडिया वर्गात शिकवायचा विषय म्हणून जरूर यावा. मुलांची खाती आणि मुलांचे चेहरे त्यावर नकोत.

आधी साधी गोष्ट. इन्स्टाग्रामवर खातं काढायला 13 वर्षं पूर्ण लागतात, हा त्यांचाच नियम आहे. सातवीतली बरीच मुलं बारा वर्षांची असतात. त्यांना फॉलो करायला सांगितलं की जन्मसाल खोटं टाकणं आलंच, आणि तेही शिक्षकांच्या सांगण्यावरून.

मी या माध्यमाच्या विरोधात नाही. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा व्हॉट्सॲपनंच आम्हाला तारलं. घरात फोन एकच, तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतात. संध्याकाळी सातनंतर वह्यांचे फोटो यायला सुरुवात व्हायची, ते मी रात्री अकरापर्यंत तपासायचे. तो ग्रुप नसता तर काही मुलं शाळेला कायमची दुरावली असती.

शाळा उघडल्यावर ग्रुप तसाच राहिला आणि तिथे माझ्या हातून चूक झाली. सहावीतला एक मुलगा त्या वर्षी पहिल्यांदा सलग वाचायला लागला होता. आनंदाच्या भरात मी त्याच्या वाचनाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. ‘कर्तव्यनिष्ठ’ या शब्दाला तो तीनदा अडखळला होता. कुणीतरी तो व्हिडिओ हसण्याची चिन्हं लावून पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी मोठी मुलं त्याला ‘कर्तव्य, कर्तव्य’ म्हणून चिडवत होती. मी व्हिडिओ काढून टाकला, पण दुसऱ्यांच्या फोनमध्ये गेलेला कसा काढणार? त्याच्या घरी जाऊन आईची माफी मागितली. वर्ष संपेपर्यंत तो वाचायला उभा राहिला नाही. तेव्हापासून मुलाचा चेहरा, आवाज आणि गुण यांतलं काहीही मी ग्रुपवर टाकत नाही. सूचना, गृहपाठ, सुट्टी, एवढंच.

मग वर्गात काय करावं? आम्ही दर शनिवारी एक फॉरवर्ड फळ्यावर लिहितो. ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल बंद ठेवा, वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, नासानं सांगितलंय’ हा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो मी शब्दशः उतरवला आणि गप्प बसले. पाच मिनिटांनी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, यात तारीखच नाही. आज म्हणजे कुठला आज?” मग मुलांना चेवच चढला. नासाचं नाव आहे, पण बातमी कुठे आहे? साडेबारा अमेरिकेतले की आपले? सगळ्यांना पाठवा असं का लिहिलंय? पुढच्या आठवड्यात ‘युनेस्कोनं जन गण मन सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं’ हा मेसेज घेतला. युनेस्कोनं असं काही ठरवलेलं नाही हे कळल्यावर दोघं-तिघं हिरमुसली, पण घरी जाऊन आजोबांना सांगितलं त्यांनीच. या तासाला मुलांकडे एकही फोन लागत नाही.

तंत्रज्ञान हवंच असेल तर परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं काम बघा. 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की कविता ऐकायला मिळते. मुलाला अनोळखी लोकांसमोर उभं राहावं लागत नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो.

ऑस्ट्रेलियानं डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांची खातीच बंद केली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मला वडगावचा मार्ग जवळचा वाटतो, कारण त्यात मोठ्यांनीही फोन खाली ठेवलाय.

आता तुम्ही काय करावं? वर्गशिक्षकांशी भांडू नका, बहुतेक त्यांनी हे कौतुकापोटीच केलं असेल. पण स्पष्ट विचारा: खातं सगळ्यांना दिसतं की फक्त पालकांना? पालकांची लेखी संमती घेतली का? एखाद्यानं नाही म्हटलं तर त्याच्या मुलाला कार्यक्रमातून वगळणार का? आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे, हेही शांतपणे सांगा.

आणि शाळेत जाण्याआधी मुलीला जवळ बसवून विचारा, तिचे कुठले व्हिडिओ तिथे आहेत आणि ते तिला तिथे हवे आहेत का.